गरम झाल्यावर बंद पडते

मुंबईहून कोकणात किंवा घाटावर निघालेली जुनी मोटरसायकल रडणार असेल तर कुठे रडेल, याचा साधारण अंदाज बांधता येतो. सायनला ती रडत नाही. तिथे इंजिन थंड असतं, टाकी नुकतीच काठोकाठ भरलेली असते आणि चालवणाऱ्याचा उत्साहही. चेंबूर ते वाशी हा सगळा क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेकचा प्रवास. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही आणि ते मुकाट्याने तापत जातं. तुर्भ्याच्या पुढे रस्ता मोकळा होतो, मूठ पिळली जाते, आणि बेलापूर ओलांडून खारघरच्या अंगाला येईपर्यंत पंचवीसेक किलोमीटर झालेले असतात. इंजिन ऑइल पुरतं तापलेलं, इग्निशन कॉइल शेकून निघालेली, टाकीतली पातळी खाली गेलेली. उष्णता मिळाल्याशिवाय दिसत नाहीत असे सगळे दोष आता डोकं वर काढतात. महामार्गालगत, खारघर स्थानकाच्या जवळ असलेलं बेलपाडा नेमकं या अंतरावर आहे.

बेलपाडा हे सिडकोच्या आधीचं गाव. आजूबाजूला खारघरचे सेक्टर उभे राहिले, २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली आणि त्या मार्गावरच्या एका स्थानकाला गावाचं नाव मिळालं. दुचाकीवाल्यांना मात्र बेलपाडा मेट्रोमुळे माहीत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जानेवारी २०२४ मध्ये उघडलेल्या अटल सेतूवरही आहे. त्यामुळे मुंबईतून पुण्याकडे वा गोव्याकडे निघालेल्या मोटरसायकलीला सायन-पनवेल महामार्ग हाच सरळ रस्ता उरतो. ठाण्याकडून मुंब्र्यामार्गे येणारे कळंबोलीला भेटतात. तिथून जुन्या महामार्गाने खोपोली धरायची, की पळस्पे फाट्यावरून कर्नाळा, पेण, वडखळ, ते पुढे ठरतं. पनवेलला सुरू होणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे पूर्वीचा १७, थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. म्हणून बेलपाडा-खारघर-कळंबोली-पनवेल या पट्ट्यातल्या गॅरेजांत सामानाच्या पेट्या बांधलेल्या, पुढे दोन जादा दिवे लावलेल्या, सात-आठ हजार किलोमीटरची स्वप्नं पाहणाऱ्या गाड्या येऊन उभ्या राहतात. आणि तक्रार बहुधा एकच असते : गरम झाल्यावर बंद पडते.

या वाक्याचं गॅरेजात होतं काय, ते पाहण्यासारखं आहे. गिऱ्हाईक पुढे लगेच सांगून टाकतं, दादा, प्लग नवीन टाकलाय, कार्बोरेटर साफ केलाय, कॉइल पण बदलली, तरी तेच. म्हणजे गाडीवर तीन उपचार झालेत आणि निदान एकदाही झालेलं नाही. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा चालू होते, पुन्हा दहा-पंधरा किलोमीटर जाते, पुन्हा बंद. माझ्या मते जुन्या गाडीची दुरुस्ती शिकवायची झाली तर या एका दुखण्यापासून सुरुवात करावी, कारण इंजिनाला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी यात तपासून होतात. पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन. गॅरेजच्या भाषेत ठिणगीला करंट म्हणतात, पुस्तकातला शब्द तिथे कुणी वापरत नाही.

पहिला संशयित फुकटचा आहे : टाकीचं झाकण. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून तेवढी हवा आत शिरली पाहिजे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडखळते, समोर दुसरं पाडलं की सरळ येते, तसाच हा हिशेब. झाकणातलं बारीक छिद्र धुळीने, गंजाने किंवा हौसेने लावलेल्या टाकीच्या कव्हरने बुजलं, की टाकीत पोकळी तयार होते. मंद वेगात इंजिनाची भूक कमी असते, त्यामुळे शहरात काही कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर भूक वाढते, फ्लोटच्या वाटीत पेट्रोल पुरत नाही, गाडी आधी मिसिंग मारते, मग मरते. उभी राहिल्यावर हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. गाडी बंद पडल्या क्षणी झाकण उघडायचं. 'सुस्स' असा आवाज येऊन ती लगेच चालू झाली, तर तपास संपला. छिद्र बारीक तारेने मोकळं करायचं. यात बदलायला भागच नाही, त्यामुळे बिल कशाचं करायचं हा गॅरेजपुढचा प्रश्न उरतो. त्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ.

दुसरा संशयित करंट. कॉइलमधली तांब्याची तार केसासारखी बारीक असते आणि तिच्यावरचा लेप वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतो. थंड असताना जोड टिकतो, तापून प्रसरण पावला की सुटतो. पिकअप कॉइलचंही तेच, आणि ती तर इंजिनाला चिकटूनच बसलेली. घोळ असा की गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आणली, चहा झाला, मग प्लग काढून करंट पाहिला, तर करंट झकास असतो. तोवर कॉइल निवलेली असते. म्हणून तपासणी बंद पडल्या जागी, रस्त्याच्या कडेला, पुढच्या मिनिटात व्हायला हवी. जवळ ठेवलेला जादा प्लग कॅपमध्ये घालायचा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवायची, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारायची. निळसर, कडकडणारी ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर वाट कॉइलकडे जाते. गॅरेजात हीच परिस्थिती पुन्हा उभी करायची तर संशयित कॉइलवर हेअर ड्रायर धरायचा आणि मल्टिमीटरवर रोध कसा बदलतो ते पाहायचं. गाडीचा मालक हसतो, पण पद्धत बिनचूक आहे.

तिसरा संशयित कुणाच्या लक्षात येत नाही : व्हॉल्वची फट. एक्झॉस्ट व्हॉल्व हजारो किलोमीटर आपल्या बैठकीवर आपटत राहतो, बैठक झिजते, व्हॉल्व किंचित आत सरकतो आणि टॅपिटची फट कमी कमी होत जाते. आवाज वाढण्याऐवजी कमी होतो, आणि मालक खूश असतो की इंजिन किती शांत आहे. मग एके दिवशी तापल्यावर फट उरतच नाही, व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं. किक हलकी लागते ही त्याची खूण. थंड झाल्यावर पाय पुन्हा जड पडतो. फीलर गेजची पाती सरकवून फट बरोबर केली की बरेचदा काम भागतं. उशीर झाला असेल तर व्हॉल्व जळलेला असतो आणि हेड उतरवावं लागतं. थोडीशी खडखड करणारं टॅपिट जुन्या मेकॅनिकला का चालतं, ते यावरून समजावं.

अर्थात टॅपिटबद्दल बोलताना गाडी कोणती, ते आधी विचारायला हवं. भारतात लांब पल्ल्याची जुनी गाडी म्हटलं की दहातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे बुलेट येते, पण जुन्या गाड्यांतच 'बुलेट' या नावाखाली तीन वेगवेगळी इंजिनं आहेत आणि तिन्हींचा स्वभाव एक नाही. मद्रासला १९५५ साली सुरू झालेल्या एन्फिल्ड इंडियाचं जुनं बिडाचं इंजिन, ज्यात गिअरबॉक्स वेगळा. या इंजिनात पुशरॉड थंड असताना बोटांनी फिरवून पाहायचा. मोकळा फिरला पण वरखाली हलला नाही, की बरोबर. फीलर गेज लागतच नाही, बोट लागतं. मग ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या संस्थेच्या मदतीने तयार झालेलं ॲल्युमिनियमचं इंजिन, जे २००२च्या थंडरबर्डमधून बऱ्याच घरांत पोचलं. आणि २००९ नंतरचं, इंजिन-गिअरबॉक्स एकाच कवचात असलेलं युनिट इंजिन. यात टॅपिट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर स्वतःची फट स्वतः राखणारे. तरीही या गाडीला 'टॅपिट टाईट करून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं आहेत आणि हो म्हणून पैसे घेणारी गॅरेजंही आहेत. इथे वरून आवाज आला तर आधी ऑइलची पातळी पाहायची, मग ऑइलचा दर्जा.

बुलेटखेरीज हिरो होंडाची २००३ची करिझ्मा आहे. २२३ सीसी, तिच्यावर लेह गाठून आलेली एक अख्खी पिढी आज चाळिशीत आहे. आपल्या आकुर्डी-चाकणच्या बजाजची २०० आणि २२०ची पल्सर, ॲव्हेंजर. आणि हौशींच्या घरी कव्हराखाली झाकलेली म्हैसूरची येझदी, जिचं उत्पादन १९९६ साली थांबलं. येझदीवाले गॅरेज शोधत नाहीत, ते एकमेकांना शोधतात. पार्ट मिळवणं हाच तिथे मुख्य उद्योग, आणि त्यावर वेगळा लेख होईल.

सुट्या भागांच्या बाबतीत पनवेलचा पट्टा नशीबवान आहे. कळंबोलीला लोखंडाचा मोठा बाजार आणि ट्रकांची सतत वर्दळ, मागे तळोजा एमआयडीसी. म्हणजे लेथ चालवणारा माणूस जवळपास आहे. आणि जुन्या गाडीत लेथवाला मेकॅनिकइतकाच मोलाचा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगचे आटे जाणं हे नेहमीचं प्रकरण. कुणीतरी घाईत प्लग तिरका बसवला, पान्याने रेटला, आटे गेले. नवीन हेड घ्या असं सांगणं सोपं. भोक किंचित मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी सर्पिल गुंडाळी बसवायची, हे काम अचूक करणारा असेल तर जुनं हेड आधीपेक्षा मजबूत होतं. बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवण्याचंही असंच. पिस्टन आधी हातात घ्यायचा, मोजायचा, आणि मग त्या मापाने बोअर कापायचा. उलट क्रमाने केलेलं काम ऐकूच येतं, थंडपणी पिस्टन ठकठक वाजतो.

आता धुराकडे. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला आलेली गाडी सपाटीवर मूठ उघडताच निळ्या धुराचा एक झोत सोडते आणि मग स्वच्छ चालते. मालक घाबरतो, रिंगा गेल्या, बोअर गेला. घाईचं गणित आहे ते. लांब उतारावर मूठ बंद असते, इंजिन फिरत राहतं, सिलिंडरच्या तोंडाशी जोरदार ओढ तयार होते आणि व्हॉल्वच्या दांड्याभोवतीच्या जुन्या, कडक झालेल्या रबरी सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. मूठ उघडली की ते जळतं. म्हणजे दोष सीलचा, आणि सील स्वस्त. याउलट चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, त्यात इंजिन उतरवण्यासारखं काही नाही. प्लगही हेच सांगतो : काजळीचा काळा, हवा जास्त झाली तर पांढुरका, ऑइलने ओला, आणि सगळं ठीक असेल तेव्हा विटकरी-तपकिरी. मात्र तो वाचायचा तर गाडी वेगात असतानाच किल बटण दाबून, क्लच धरून थांबवायची. सिग्नलवर पाच मिनिटं आयडलिंगला ठेवून काढलेला प्लग खोटं बोलतो.

विजेची दुखणी अलीकडे वाढली आहेत आणि त्यातली बरीचशी मालकांनी विकत आणलेली असतात. लांबच्या प्रवासाची तयारी म्हणजे फॉग लाइट, मोबाइल चार्जर, मोठा हॉर्न, असा समज पक्का झाला आहे. बारा व्होल्टवर ३६ वॅट म्हणजे तीन अँपिअर, असे दोन दिवे लावले की सहा. जुन्या गाडीचा अल्टरनेटर आयडलिंगला आपली पूर्ण क्षमता देत नसतो. वाहतुकीत अडकलेली, दिवे पेटवलेली गाडी बॅटरी खात असते. त्यात तारा मूळ हार्नेसला सोलून, पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळलेल्या. एक पावसाळा कोकणच्या खाऱ्या हवेत काढला की कनेक्टरमध्ये हिरवट पूड धरते आणि गाडी कधी चालते, कधी नाही.

मल्टिमीटर दोनशे-तीनशे रुपयांपासून मिळतो, आणि माझ्या मते ज्या गॅरेजात तो नाही तिथे विजेचं काम देऊ नये. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. इंजिन रेस करून पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक. तेराच्या खालीच राहिला तर स्टेटर, रेक्टिफायर किंवा मधला कनेक्टर, आणि पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बॅटरी उकळतोय. यानंतर एक चाचणी, जी फारच थोडे करतात : मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या धातूला, आणि सेल्फ मारायचा. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दाखवला तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. तो घासून घट्ट केला की 'स्टार्टर मोटर गेली' म्हणून आलेली गाडी परत जाते. युनिट इंजिनाच्या बुलेटमध्ये तर थकलेल्या बॅटरीवर सेल्फ मारत राहणं महागात पडतं. इंजिन अर्धवट फिरून उलटा झटका देतं आणि स्टार्टरचा एकदिश क्लच, ज्याला सगळे स्प्रॅग म्हणतात, तुटतो. बॅटरी पडली असेल तर किक मारावी. किक आहे तोवर.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवी तक्रार आली : पावसाळाभर उभी होती, आता सुरूच होत नाही. पाऊस जुनाच आहे, पेट्रोल बदललं आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर सरासरी तिथे पोचली. इथेनॉल पाणी ओढतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा येत-जात राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतं, आणि कार्बोरेटरकडे जाणारी नळी तळाशीच असते. पोलादी टाकी आतून गंजते, ती भुकटी जाळीत, मग जेटमध्ये. कार्बोरेटरमधले जुन्या काळचे रबरी भाग, ओ-रिंग, पडदा, हे फुगतात किंवा कडक होतात. निर्वात कार्बोरेटरचा पडदा नखाएवढा फाटला तरी गाडी चालते, पण साठच्या पुढे दम टाकते. तो दोष शोधताना लोकांनी क्लच प्लेटा बदललेल्या आहेत. मायलेजच्या घटीवर बरंच भांडण चालतं. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात दुचाकींसाठी तीन-चार टक्के घट धरली होती. तेवढ्याने कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते उभ्या गाडीचं. उपाय साधा आहे, गाडी ठेवताना टाकी काठोकाठ भरायची, कॉक बंद करायचा आणि फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून ती रिकामी करायची. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या वेळी हे आठवून उपयोग नसतो.

चेसिसबद्दल थोडक्यात, कारण तिथे शोधायला फारसं काही नसतं, फक्त पाहावं लागतं. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू वळवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेटच्या वाट्यांत खड्डे पडलेत. मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्मचे बुश कळतील. फोर्कच्या नळीवर ऑइलची रेघ असेल तर सील गेली, ते ऑइल ब्रेकच्या डिस्कवर येतं म्हणून लगेच बदला. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असलेला दहा वर्षांचा टायर कशेडी घाटात पावसात घेऊन जाणाऱ्याला काय म्हणावं, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आता बिलाचा प्रश्न. गॅरेजच्या बिलावर पार्टची किंमत लिहिता येते, मजुरी लिहिता येते. शोधण्यासाठी गेलेल्या दोन तासांना रकाना नाही. झाकणाचं छिद्र मोकळं करून पाचशे रुपये मागितले तर गिऱ्हाईक भांडतं, कॉइल बदलून दोन हजार घेतले तर हसत देतं, गाडी पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद पडली तरी. मेकॅनिकला लबाड ठरवणं सोपं आहे, पण लबाडी शिकवली गिऱ्हाइकाने. त्यात नव्या गाड्यांनी भर घातली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, स्कॅनर जोडला की दोषाचा क्रमांक पडद्यावर उमटतो. त्या शाळेत तयार झालेला पोरगा हुशार असतो, पण जुन्या गाडीला क्रमांक नाही. तिथे तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो. खंडेनवमीला पाने-पकडी धुऊन, कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घालून पूजा होते, त्या हत्यारांत फीलर गेज, मीटर आणि कॉम्प्रेशन गेज आहे का, हे गाडी देण्याआधी बघून घ्यावं. आणि तपासाचे पैसे वेगळे देतो, दोष सापडेपर्यंत काही बदलू नका, असं आपणहून सांगावं. मी हे सांगून पाहिलं आहे. मेकॅनिकचा चेहरा बदलतो, खुर्ची पुढे सरकवली जाते आणि गाडी शेवटची कधी बंद पडली, तेव्हा ऊन किती होतं, टाकीत पेट्रोल किती होतं, असे प्रश्न सुरू होतात.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांनी या खर्चात कागदांचा खर्च मिळवावा. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याचं शुल्क मोटरसायकलला ३०० होतं, एप्रिल २०२२ पासून १,००० झालं, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून २,०००. शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट, ४५० रुपये अधिक जीएसटी. एमएच-४६ असो की आणखी कुठली पासिंग, चेसिसवर आणि इंजिनावर ठोकलेले आकडे आरसीशी स्वतः ताडून बघा, कारण कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेल्या जुन्या गाड्या बाजारात असतात. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर त्याला काहीतरी लपवायचं आहे, नाहीतर तो तुमच्या आधी आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवून बसलाय. दोन्ही बाबतींत घाई करू नका.

आणि दुरुस्ती झाल्यावरची ट्रायल. उत्सव चौकाला एक फेरी मारून 'झाली' म्हणणं म्हणजे थंड गाडी थंडच परत आणणं. जो दोष पंचवीस किलोमीटरवर येतो त्याची परीक्षा पंचवीस किलोमीटरच्या पुढेच होते. बेलपाड्याहून निघून कळंबोली, पळस्पे, कर्नाळ्याची खिंड आणि परत, चाळीसेक किलोमीटर होतात. जाताना वाहतुकीत तापू द्यायची, खिंडीच्या चढावर जोर काढायचा, उतारावर मूठ बंद ठेवायची. मध्ये एकदा बंद करून पाच मिनिटांनी, तापलेलीच, पुन्हा सुरू करायची. खिशात जादा प्लग, प्लगपाना, दहा-बाराचा पाना, फ्यूज, फूटभर वायर आणि टॉर्च ठेवायची. आल्यावर प्लग काढून रंग बघायचा, ऑइलची पातळी बघायची, मीटर लावायचा. मग सामानाच्या पेट्या चढवायच्या, आधी नाही, कारण सामान बांधलं की टाकी उघडायला नको वाटतं आणि प्लगपर्यंत तर हातच पोचत नाही.